पाळी चुकली तर: आयर्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी

घर, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), बँकेचं खातं, हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. पाळी चुकली आणि मूल नको असेल तर काय करायचं, याबद्दल मात्र आपल्या लोकांत कुजबुजसुद्धा होत नाही, म्हणून लिहितेय.

आधी मोजणी. इथे 12 आठवड्यांपर्यंत कारण न देता गर्भपात करता येतो, पण आठवडे धरतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. माझ्या स्वयंपाकघरात बसून एक मुलगी कॅलेंडरवर बोट फिरवत म्हणाली, "पाचच झालेत, मावशी." ती पाळी चुकल्यापासून मोजत होती. भरले होते नऊ! नऊच्या आत जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे होतं, पुढे हॉस्पिटल गाठावं लागतं.

सगळेच जीपी हे करत नाहीत. एचएसईच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, 'माय ऑप्शन्स' हेल्पलाइनला 1800 828 010 वर फोन करा, फुकट आहे. जवळचा डॉक्टर तेच सांगतात, हवा तर दुभाषीही देतात. गूगलवर 'मोफत सोनोग्राफी' दिसली म्हणून कुठेही शिरू नका. काही ठिकाणी गर्भपात करू नका म्हणून नुसतं समजावत बसतात आणि तुमचे दिवस जातात.

पहिल्या भेटीनंतर 3 दिवस थांबावंच लागतं. मग पहिली गोळी, आणि दुसऱ्या गोळ्या एक-दोन दिवसांनी घरी. ओळीने दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील तर वाट पाहू नका, त्याच नंबरवर नर्स असते. इथे राहणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. नवऱ्याची सही कोणी मागत नाही.

भारतातून गोळ्या मागवू नका आणि मैत्रिणीला देऊही नका. स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईवर गुन्हा नाही, पण कायद्याबाहेर मदत करणाऱ्याला 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

12 आठवड्यांनंतर दार जवळजवळ बंद. आईच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका, किंवा बाळ जन्माआधी अथवा जन्मानंतर 28 दिवसांत दगावेल असा दोष, एवढंच चालतं. भारतातल्या 20-24 आठवड्यांच्या हिशेबावर विसंबू नका.

हेही आधी नव्हतं. 2012 मध्ये इथल्या गॉलवे शहरात आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार वारल्या. गर्भ टिकणार नव्हता, तरी गर्भपात नाकारला गेला होता. 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी उठवली, आणि 1 जानेवारी 2019 पासून ही सेवा सुरू झाली.

आणि हो, 17 ते 35 वयाच्या बायकांना इथे गर्भनिरोधक मोफत आहेत. जीपीकडे पहिल्यांदा जाल तेव्हाच विचारून घ्या.