फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत स्टॅकवर (आकड्यांच्या थप्पीवर) पडलेली उत्तरं ॲरेत (ओळीनं मांडलेल्या यादीत) भरायची सोपी रीत

समजा 'भाव' हा शब्द (फोर्थमध्ये फंक्शनला 'शब्द' म्हणतात) लातूरच्या आडतीतले सोयाबीनचे सौदे वाचतो. आज तो स्टॅकवर चार आकडे टाकेल, उद्या सात. किती आले हेच माहीत नसेल तर ते एका जागी गोळा करायचे कसे? मोजायचं काम स्टॅककडूनच करून घ्या:

हिअर डेप्थ >आर भाव डेप्थ आर> - डुप , ० ?डू , लूप

१. 'हिअर'नं मोकळ्या जागेचा पत्ता आधीच स्टॅकवर ठेवला. शेवटी तोच हातात उरतो.
२. 'डेप्थ'नं मोजलेली स्टॅकची आधीची उंची रिटर्न स्टॅकवर (बाजूच्या दुसऱ्या थप्पीवर) ठेवली. नंतरच्या उंचीतून ती वजा केली की नव्या आकड्यांची संख्या मिळते. खाली जुना पसारा कितीही असो.
३. ',' हा शब्द सगळ्यात वरचा आकडा उचलून मोकळ्या जागेत लिहितो: संख्या पहिल्या सेलमध्ये (मेमरीच्या घरात), मागोमाग '?डू … लूप' तितक्याच वेळा फिरून आकडे.

आकडे उलटे बसतात, कारण सगळ्यात वरचा आधी निघतो. वाचताना शेवटाकडून वाचा. '?डू'तलं प्रश्नचिन्ह गाळू नका. सुट्टीच्या दिवशी एकही सौदा नसला तर साधं 'डू' सुसाट सुटतं, थांबतच नाही म्हणा ना. ही ओळ कोलन डेफिनिशनमध्येच (':'नं सुरू होणाऱ्या नव्या शब्दाच्या व्याख्येत) घाला.

सावधान: 'भाव'ला तारखेसारखं इनपुट लागत असेल तर ते '>आर'नंतर ढकला. 'हिअर'च्याही आधी ठेवलंत तर 'भाव' हिअरचा पत्ताच गिळतो.

पोस्टस्क्रिप्ट या स्टॅकवरच चालणाऱ्या दुसऱ्या भाषेत एवढा खटाटोप नको: '[ भाव ]' लिहिलं की सुलट क्रमानं ॲरे तयार. फॅक्टर या तशाच भाषेतलं 'आउटपुट>ॲरे' मात्र उत्तरांची संख्या कंपाइल होतानाच ठरलेली असेल तरच चालतं.