पाळीच्या आधी डोकं का फिरतं? आपलं कारण आपणच शोधायची पद्धत

डिसेंबरात शेतात भरीत पार्टी होती, बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या, सगळं झकास चाललेलं, आणि माझी मामेबहीण वांगी सोलता सोलता एकदम रडायलाच लागली. कारण काय तर कोणीतरी म्हणालं की मिरची कमी पडली. मामी म्हणे, "काय व्हयनं व माय तुले?" तिलाच माहीत नव्हतं. चार दिवसांनी पाळी आली तेव्हा तिचा मला फोन, की ताई हे दर महिन्याला असं का होतं ग?

तर आधी कॅलेंडर घ्या. भिंतीवरचं, ज्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहितो तेच चालेल. पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करायचा. मग रोज रात्री झोपताना एकच खूण, चिडचिड झाली तर चि, रडू आलं तर र, स्तन दुखले, पोट फुगलं, झोप उडाली, थकवा, जे असेल ते. असं सलग दोन पाळ्या. आठवून आठवून नंतर लिहू नका, कारण आठवताना आपण सगळा दोष पाळीवरच टाकतो (मी पण टाकलाय, भांडण खरं तर नवऱ्याच्या उधारीवरून होतं).

आता खुणा बघायच्या. पीएमएस (पाळीच्या आधी मनाला-शरीराला होणारा त्रास) असेल तर तो पाळीच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो आणि पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ओसरतो, मग पुढचे काही दिवस अगदी स्वच्छ. चक्र 28 दिवसांचं असेल तर साधारण 14व्या दिवशी अंडं बाहेर पडतं, 32चं असेल तर 18व्याच्या आसपास, म्हणून मोजायचं पुढच्या पाळीपासून उलटं. हा सगळा खेळ त्या नंतरच्या दिवसांतला आहे.

आणि इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. "हार्मोन बिघडलेत" म्हणतात आणि टेस्टवर पैसे घालतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, मग घरचे म्हणतात बघ, नाटक आहे. अहो पीएमएसमध्ये हार्मोन बहुतेक नॉर्मलच असतात! फरक असतो तो मेंदू त्यांच्या चढउताराला कसा प्रतिसाद देतो त्यात. 1998 साली अमेरिकेत संशोधकांनी औषध देऊन बायकांच्या बीजकोशांचं काम थांबवलं तर पीएमएसवाल्यांपैकी बऱ्याच जणींना बरं वाटलं, मग तेच हार्मोन परत दिले तर त्रास परत आला, पण ज्यांना आधी कधी पीएमएस नव्हतं त्यांना तेच हार्मोन देऊन काहीच झालं नाही. हे घरात वाचून दाखवा.

त्यात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंडं बाहेर पडल्यावर वाढणारं हार्मोन, त्याच्यापासून शरीरात अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं, ते एरवी मेंदूला शांत करतं, काही जणींमध्ये मात्र उलटंच होतं असं दिसतं. मेंदूतलं मूड सांभाळणारं रसायन सेरोटोनिन, त्याचाही संबंध आहे, म्हणून तर डिप्रेशनची काही औषधं इथेही चालतात. आई-बहिणीला असेल तर आपल्याला असायची शक्यता जास्त.

ताण आणि अपुरी झोप हे मूळ कारण नाही, पण आगीत तेल आहे. मे महिन्यात जळगावला पारा 45 ला टेकतो, रात्री लाइट जाते, झोप कशी लागणार, म्हणून उन्हाळ्यातल्या खुणा वेगळ्या बघा. पोट फुगत असेल तर त्या आठवड्यात पापड, लोणचं, शेव जरा कमी करून बघा, मला फरक पडतो, तुम्हाला पडेलच असं नाही. रोज चालणं चांगलं. कॅल्शियमच्या गोळ्यांचा फायदा अभ्यासात दिसलाय, पण डॉक्टरांना विचारून. बी-6 च्या गोळ्या मनाने ढीगभर खाऊ नका, जास्त झाल्या तर नसांना इजा होते.

त्या दिवसांत जगूच नये असं वाटत असेल, किंवा काम आणि घर दोन्ही कोलमडत असेल, तर ते पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचाच फार तीव्र प्रकार, असू शकतं, 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत त्याची वेगळी नोंद आहे. तेव्हा कॅलेंडर भरत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, रात्री-बेरात्री मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस 14416 नंबर आहे.

आणि खुणा महिनाभर विखुरलेल्या असतील तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन आधी तपासा, उदासी आहे का तेही. मामेबहिणीचं तसंच निघालं. रडू फक्त शेवटच्या आठवड्यात, पण थकवा आणि धडधड 30 दिवस. हिमोग्लोबिन 8. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, धडधड गेली, रडू अजून येतं, पण येणार कधी ते तिला आता चार दिवस आधी माहीत असतं, आणि मामीलाही.