काम घेताना एकदा परत बोलून दाखवा

वरिष्ठांनी काम सांगितलं की आपण "हो, करतो" म्हणतो आणि जागेवर जाऊन बसतो. घोळ इथंच होतो. त्यांच्या डोक्यातलं "लवकर" म्हणजे आज दुपारी. आपल्या डोक्यातलं, या आठवड्यात कधीतरी. म्हणून उठण्यापूर्वी ऐकलेलं परत सांगा: "म्हणजे फक्त मार्चचे आकडे, एका पानात, उद्या ११ पर्यंत तुमच्याकडे. बरोबर?" बऱ्याचदा तिथंच उत्तर येतं, "छे, छे, पूर्ण तिमाहीचे हवेत." अर्धा दिवस वाचला की नाही?

वैमानिकही नियंत्रण कक्षाकडून आलेली उंचीची किंवा धावपट्टीची सूचना अशीच परत म्हणतात. चुकली तर कक्ष लगेच दुरुस्त करतो. ते शब्द तसेच उच्चारतात. ऑफिसात मात्र आपल्या शब्दांत सांगावं, नाहीतर पोपटपंची होते आणि गैरसमज तसाच राहतो.

काम देणारे तुम्ही असाल, तर "समजलं ना?" हा प्रश्न टाळाच. त्याला "नाही" म्हणायला फार थोडे धजावतात. "सुरुवात कुठून करशील?" असं विचारा. फोनवर ठरलं असेल तर दोन ओळींचा मेसेज टाकून ठेवा, त्यात तारीख हवीच.