कॅन्सरच्या रुग्णाच्या त्रासाची नोंद ठेवताना या चुका टाळा

किमो सुरू असलेल्या रुग्णाला ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘कसं वाटतंय?’ आणि उत्तर येते, ‘बरं आहे.’ मधल्या तीन आठवड्यांतली मळमळ, रात्रीची जाग, तोंड आल्यामुळे सुटलेले जेवण यांतले काहीही या दोन शब्दांत येत नाही, आणि जे केस पेपरवर येत नाही त्यावर औषधही लिहिले जात नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी आपला त्रास संगणकावर नियमित कळवला आणि तो वाढताच ज्यांच्या नर्सपर्यंत सूचना गेली, अशा रुग्णांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने. त्रासाची नोंद हा उपचाराचाच भाग आहे, असे म्हणण्याला एवढा आधार पुरेसा आहे.

फक्त दुखण्याचीच नोंद ठेवणे

कॅनडातील एडमंटन येथे १९९१ साली तयार झालेली लक्षणमापन पट्टी आपल्याकडच्या पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या विभागांतही वापरली जाते. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, धाप, उदासी, चिंता आणि एकंदर बरे वाटणे अशा नऊ गोष्टींना रुग्णाने शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. शून्य म्हणजे त्रास मुळीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढा जास्तीत जास्त त्रास. घरच्या वहीत बहुधा दुखणे आणि उलटी एवढेच लिहिले जाते. उदासी आणि चिंता यांचे रकाने कोरे राहतात, कारण त्यांवर औषध असते हेच अनेकांना माहीत नसते.

गावाकडच्या वयस्कर माणसाला आकड्यांची पट्टी परकी वाटते. त्याला ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ असे विचारले तर ‘बारा आणे’ असे नेमके उत्तर चटकन मिळते. हे माप अगदी चालण्यासारखे आहे. मात्र एकदा आण्यांत मोजायला सुरुवात केली की पुढेही आण्यांतच मोजावे, आणि ‘आठ आणे दुखतंय’ व ‘आठ आणे फरक आहे’ यांतला भेद लिहिताना स्पष्ट ठेवावा.

रुग्णाच्या वतीने आकडा सांगणे

आईला प्रश्न विचारला की मुलगा उत्तर देतो, ‘पाच-सहा असेल.’ यामागे काळजीच असते, तरीही तो आकडा आईचा नसतो. जवळची माणसे बहुधा त्रास जास्त धरतात आणि डॉक्टर-नर्स कमी धरतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काही रुग्ण तर मुलांसमोर दुखणे लपवतात, म्हणून त्यांना एकट्यानेही विचारावे. रुग्ण बोलू शकत नसेल तर कूस बदलताना कण्हणे, कपाळावरच्या आठ्या, हात झटकणे हे पाहून लिहावे आणि ‘घरच्यांची नोंद’ असा शेरा शेजारी द्यावा.

नुसता आकडा लिहिणे

‘मंगळवार, दुखणे ६’ या नोंदीवरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘मंगळवार, सकाळी ७ : पडून असताना २, उठताना ७, कंबरेपासून पायात चमक; गोळी ७.१५ ला, ८.१५ ला उठताना ४’ असे लिहिले, तर दुखणे हालचालीचे आहे, त्यात नसेचा भाग असू शकतो आणि गोळीने जवळपास निम्मे काम केले, इतके एका ओळीतून कळते. नसेच्या दुखण्याला, म्हणजे चमक, जळजळ, मुंग्या यांना, वेगळ्या गटाची औषधे जोडावी लागतात. गोळीनंतर तासाभराने पुन्हा विचारणे हाच नोंदीचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच राहून जातो.

मॉर्फिन दुखेल तेव्हाच देणे

सर्वांत जास्त हाल या चुकीमुळे होतात. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध. तोंडाने घेण्याच्या साध्या (हळूहळू विरघळणाऱ्या नव्हे) मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, दुखणे परतण्याआधीच द्यायची असते. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टर वेगळा लिहून देतात. हे जादा डोस दिवसात किती लागले ते वहीत हवेच, कारण पुढचा नेहमीचा डोस त्यांवरून ठरतो. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ या समजुतीने गोळ्या कपाटात ठेवणारी घरे आजही आहेत. ते औषध वेदना किती आहे यावर दिले जाते, आयुष्य किती उरले आहे यावर नाही.

मॉर्फिनची मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठता औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून लागते आणि शौचाला कधी झाली याचाही रकाना ठेवावा लागतो. मॉर्फिन अचानक बंद करू नये. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून मिळते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बहुधा नाही. त्यामुळे गोळ्यांची शेवटची पट्टी उघडण्याआधीच पुढची सोय करावी. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस थांबवून ताबडतोब रुग्णालयात कळवावे.

थकवा ‘असायचाच’ म्हणून सोडून देणे

हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि उदासी ही कारणे आधी तपासून घ्यावीत. डॉक्टरांची परवानगी असेल तर रोजचे थोडे चालणे हे पडून राहण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पुढच्या तारखेची वाट पाहणे

काही नोंदी वहीत लिहून थांबण्याच्या नसतात. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नये, कारण त्याने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग तसाच राहतो. पाठीत नव्याने सुरू झालेले दुखणे आणि सोबत पायातली ताकद जाणे, बधिरपणा किंवा लघवी अडणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण असू शकते, आणि तिथे काही तासांचा उशीरही चालणे कायमचे बंद करू शकतो. रुग्णालयात फोन करताना शेवटच्या किमोची तारीख, ताप किती आणि केव्हापासून, पाय उचलता येतो का आणि शेवटची लघवी कधी झाली, हे आधी सांगावे. बाकीची फाइल वाटेत शोधता येते.