दोन नकाशे शेजारी ठेवा: इंदूरच्या नळापासून काँगोच्या खाणीपर्यंत

देश कुठे, राजधानी कुठली, एवढं सापडलं की बहुतेक लोक ॲटलस मिटतात. पण दोन वेगळ्या विषयांचे नकाशे शेजारी ठेवले ना, की "असं का बरं?" हे आपोआप तोंडात येतं. कसं करायचं ते सांगतो.

१. आधी साल बघा. घरातल्या जुन्या ॲटलसमधे दक्षिण सुदान नसेल तर तो २०११ च्या आधीचा. मग सूची (कुठलं चिन्ह कशाचं ते) आणि प्रमाण. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर.

२. सुरुवात आपल्या गावापासून, म्हणजे इंदूरपासून. मोबाइलवर इस्रोचं भुवन (नकाशांची वेबसाइट) उघडा आणि कृष्णपुरा छत्रीपाशी खान नदीवर बोट ठेवून पाणी जातं तिकडे सरकत जा (तिला नदी म्हणायला जीभ अडखळते, पण आहे नदीच). ती क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, म्हणजे राजवाड्यावर पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात. आता दक्षिणेला बघा, नर्मदा चाललीय बरोबर उलटी, अरबी समुद्राकडे, आणि आपल्या नळाला येते ती हीच, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून. आता उंचीचा नकाशा शेजारी घ्या. इंदूर पठारावर सुमारे ५५० मीटरवर, नर्मदा खाली दरीत, मधे विंध्याचा चढ, तो सगळा पंपानं चढवायचा. आपल्या पाण्यात किती वीज मुरलीय ते इथे कळतं.

३. जगाकडे जाताना एक सांभाळा. भिंतीवरचा नकाशा बहुतेकदा मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीचा असतो, त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट. आकारांची तुलना करायची तर पृथ्वीगोलच घ्या.

४. मग माणसं. इजिप्तचा पावसाचा नकाशा आणि लोकवस्तीचा नकाशा. देश जवळपास १० लाख चौरस किलोमीटरचा, पण सुमारे ९५ टक्के लोक नाईलच्या काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि त्रिभुज प्रदेशात. वरच्या अंगाला इथिओपियानं धरण बांधलं की कैरोत काळजी का वाटते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

५. शेवटी खनिजं, माझा आवडता भाग. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या खाणीतून निघतं, मोबाइलच्या बॅटरीत तेच असतं. खाणी देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, कोल्वेझीच्या आसपास, आणि एवढ्या अवाढव्य देशाला समुद्रकिनारा जेमतेम चाळीसेक किलोमीटर, तोही पार पश्चिमेच्या टोकाला. मग माल बाहेर जातो कसा? रेल्वेचा नकाशा काढा आणि कोल्वेझीपासून रुळावर बोट फिरवत पश्चिमेला जा, बोट थांबेल ते शेजारच्या अंगोलात, लोबितो बंदरावर. या एका रेल्वेमार्गात मोठमोठ्या देशांना एवढा रस का आहे ते तिथेच कळेल.