खाडीकडे जाणारी जुनी वाट कशी राखावी

ठाणे खाडीच्या काठावरची वाट, तिच्यावर फाटक बसून कुलूप लागण्याच्या बरीच आधी, कागदावरून नाहीशी झालेली असते. नवी मुंबईत हे विशेष जाणवते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, सर्व्हे नंबरांच्या जागी सेक्टर आणि भूखंड क्रमांक आले, आणि गावातून खाजणाच्या (भरतीचे पाणी येणाऱ्या खारजमिनीच्या) बांधावरून बंदरापर्यंत जाणारी पायवाट नव्या नकाशात उतरलीच असेल असे नाही. दिवाळे, सारसोळे, करावे यांसारख्या गावांतील मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी होडीपर्यंत पोहोचण्याची वाट हा उपजीविकेचा प्रश्न आहे. म्हणून वाट अडवली जाण्याची वाट न पाहता, ती मोकळी असतानाच तिचे कागद जमवावेत, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात गावनकाशापासून करावी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून मूळ गावनकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी. या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. त्यानंतर सिडकोचा नोडचा (म्हणजे त्या उपनगराचा) नकाशा, महापालिकेची विकास योजना आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मिळवून वाट आज कोणत्या भूखंडातून जाते ते एका कागदावर उतरवावे. उलवे, खारघर किंवा पनवेलच्या बाजूची वाट असेल तर महसुली कागद रायगड जिल्ह्याचे असतात. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतील गावे ठाणे तालुक्यात येतात. हा फरक लक्षात न घेतल्यास अर्ज चुकीच्या कार्यालयात फिरत राहतो.

जे कागद सहज मिळत नाहीत ते माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागावेत. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘वाटेची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. भूखंड वाटपाचे पत्र, त्यातील अटी, मंजूर अभिन्यास (लेआउट) आणि मोजणी नकाशा अशी कागदांची नावे घालून मागणी करावी. भाडेपट्ट्याच्या अटींत जुनी वहिवाट मोकळी ठेवण्याचे बंधन लिहिलेले आढळले, तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

नकाशात वाट नसली तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण प्रत्यक्ष वापर हाही पुरावा असतो. ज्येष्ठ ग्रामस्थांची प्रतिज्ञापत्रे, होड्यांची नोंदणी आणि मासेमारीचे परवाने, जुन्या ग्रामपंचायतीचे ठराव, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीची तारखेसह छायाचित्रे, वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रे हे सर्व एकत्र ठेवावे. यांत एक पुरावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या काठावर महापालिका विसर्जनाची व्यवस्था करते, तिथल्या वाटेवर दिवे, मुरूम, कठडे यांवर सार्वजनिक पैसा खर्च झालेला असतो. त्या कामांचे कार्यादेश मिळवले, की वाट लोकांच्या वापरात होती हे महापालिकेच्याच कागदांवरून दाखवता येते.

वापर सिद्ध करताना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील मुदती माहीत असाव्यात. खासगी जमिनीतून जाण्याचा हक्क २० वर्षांच्या, तर सरकारी जमिनीतून ३० वर्षांच्या अखंड, उघड आणि हक्काच्या वापराने मिळतो. अडथळा आल्याचे कळूनही तो वर्षभर मुकाट्याने सोसला, तरच वापर खंडित झाला असे धरले जाते. म्हणून फाटक दिसताच लेखी हरकत घेऊन तिची पोच सांभाळावी. त्याहूनही नाजूक बाब म्हणजे फाटकावरील नोंदवही. सुरक्षारक्षकाने ‘परवानगीने प्रवेश’ अशा मथळ्याखाली सही मागितली तर ती करू नये. हक्काने चालणारा माणूस त्या एका सहीने कागदोपत्री परवानगीने चालणारा ठरू शकतो.

अडथळा प्रत्यक्षात आल्यावर कोणाकडे जावे, हे जमिनीच्या प्रकारावर ठरते. सार्वजनिक रस्त्यावरील बांधकाम हटवण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली आयुक्तांना आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो; मात्र तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. लोक कायदेशीरपणे वापरत असलेल्या वाटेवरील किंवा सार्वजनिक जागेतील अडथळ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. समोरच्या पक्षाने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्याला विश्वसनीय पुरावा दिला, तर ही कार्यवाही दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत थांबते. आधी जमवलेले कागद इथे कामी येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली न्यायालयाच्या परवानगीने दोन किंवा अधिक व्यक्तींना दावा लावता येतो. शासन प्रतिवादी असेल तर त्याआधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

अर्जात कायद्याचा आधार नेमका असावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालील खाडीचे तळ राज्य शासनाचे आहेत, आणि समुद्रकिनाऱ्यासारखी नैसर्गिक संपत्ती शासन लोकांचे विश्वस्त म्हणून सांभाळते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ प्रकरणात स्वीकारले आहे. याउलट किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतील, दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर मोकळी जागा ठेवण्याची अट किनाऱ्यावरील पर्यटन निवासांपुरती आहे. खाडीकाठच्या गृहसंकुलाविरुद्ध ती पुढे केली तर अर्जच दुबळा होतो.

वाटेची मागणी करताना कांदळवनाचा विसर पडू देऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाची तोड आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकाम यांवर कडक निर्बंध आहेत. १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. त्यामुळे मागणी जुन्या वाटेपुरती, जुन्या रुंदीची आणि मातीच्या बांधाची असावी. लोकांना प्रवेश मिळवून देण्याच्या नावाखाली खाजणात भराव टाकून काँक्रीटचा विहारपथ बांधण्याचा प्रस्ताव आला, तर त्यालाही तितक्याच ठामपणे हरकत घ्यावी. भरतीचे पाणी अडले की कांदळवन आणि मासळी दोन्ही जातात, आणि ज्यांच्यासाठी वाट मागितली त्यांचेच नुकसान होते.

ऐतिहासिक मार्गांनाही बहुतांशी हीच पद्धत लागू पडते. सातवाहनकालीन शिलालेख असलेल्या नाणेघाटाची कोकणाकडील चढण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळ सुरू होते. अशा घाटवाटांचा बराचसा भाग वनजमिनीतून आणि काही भाग पायथ्याच्या खासगी जमिनींतून जातो. वनजमिनीतील भागासाठी वनविभागाशी पत्रव्यवहार करावा. पायथ्याचा भाग विकला जाऊन त्याला कुंपण पडण्याचा धोका अधिक असल्याने, गावनकाशावरील वाटेची मोजणी तिथे सर्वांत आधी करून घ्यावी.

निकाल आपल्या बाजूने लागल्यावरही काम उरते. वाटेची शासकीय मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत आणि तिची नोंद विकास योजनेत व्हावी म्हणून महापालिकेकडे प्रस्ताव द्यावा. विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले किंवा तीत फेरबदल प्रस्तावित झाला, की हरकती व सूचनांसाठी जाहीर सूचनेत मुदत दिलेली असते. त्या मुदतीत भूखंड क्रमांक, नकाशा आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडून हरकत दाखल करावी आणि सुनावणीला गावातील मासेमारी संस्थेच्या प्रतिनिधीला सोबत न्यावे.