थ्री नॉट थ्रीची नळी जोखताना या चुका टाळा

नळीत काळोख दिसला की गिऱ्हाईक रायफल खाली ठेवतं आणि नळी लखलखली की पैसे मोजतं. कॅनडात जुन्या लष्करी रायफलींच्या खरेदी-विक्रीत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता राहवत नाही. काळवंडलेल्या कित्येक नळ्या उत्तम मारतात. आरशासारख्या कित्येक नळ्या मुळाशी झिजून गेलेल्या असतात. आणि ज्या रायफलींना ‘नळी गेली’ म्हणून बाद केलं जातं, त्यांतल्या बऱ्याच जणींचा दोष नळीत नसून लाकडात, तोंडाच्या कडेत किंवा काडतुसात असतो.

इथे मी ली-एनफिल्डबद्दलच बोलणार आहे. एन.सी.सी.त जिला आपण ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत आलो, तीच ही. पुढे तिची दोन मॉडेलं येतील: जुनी नंबर वन आणि दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत परवाना आणि नियम सांभाळून ती आजही रेंजवर चालते. भारतात ०.३०३ बोअर सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर मिळते ती इशापूरची ०.३१५ स्पोर्टिंग रायफल. तिची घडण ली-एनफिल्डचीच असली तरी काडतूस वेगळं आहे, त्यामुळे खालची मापं तिला लावू नका.

नळीत डोकावण्याआधी दोन गोष्टी पाहा. रायफलीवर ‘डीपी’ हा शिक्का आहे का? असेल तर ती कवायतीसाठी बाजूला काढलेली रायफल आहे आणि तिच्यातून गोळी झाडायची नाही, मग नळी कितीही सुंदर असो. दुसरं म्हणजे, भारतात पोलिसांसाठी काही ली-एनफिल्ड ०.४१० बोअरच्या एकगोळी मस्केटमध्ये बदलल्या गेल्या. त्यांच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणारे पेचदार चर आणि त्यांमधले उंचवटे, नसतात. ‘नळी गुळगुळीत झिजली आहे’ म्हणून स्वस्तात विकायला ठेवलेली रायफल प्रत्यक्षात असं मस्केट असू शकते. तिच्यात ०.३०३चं काडतूस घालू नका.

न साफ करता निकाल देणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता दांडा) काढला, प्रकाशाकडे नळी धरली, आत करडे-काळे डाग दिसले, की ‘खड्डे पडलेत’ असं लोक ठरवून टाकतात. पण दिसतं ते पोलाद नसतं, पोलादावर बसलेला थर असतो. कार्बन, तांबं, सुकलेलं तेल, कधी गोदामातलं जुनं ग्रीसही असतं. माझ्या पहिल्या नंबर फोरच्या नळीतून तीन संध्याकाळी काळ्या चिंध्या निघत होत्या. चौथ्या दिवशी आटे स्वच्छ आणि धारदार दिसले.

याच्या उलटही फसगत होते, आणि ती जास्त महागात पडते. जुन्या मार्क सेव्हन, म्हणजे ०.३०३च्या ब्रिटिश सैनिकी गोळ्यांना क्युप्रोनिकेलचं (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं) कवच असायचं. त्याचा थर नळीत गाठी-गाठींनी चिकटतो, आणि त्याचा रंग रुपेरी असल्यामुळे तो पोलादासारखाच चमकतो. पाहणाऱ्याला वाटतं नळी झकास आहे, पण गोळ्या टार्गेटवर विखुरतात. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट वापरा. चिंधीवर निळसर डाग उमटायचे थांबेपर्यंत धीर धरा आणि ते द्रव नळीत सुकू देऊ नका.

ली-एनफिल्डचा बोल्ट मागून निघतो, म्हणून साफ करायची सळई चेंबरकडूनच, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून घाला, तोंडाकडून नको. याचं कारण पुढे येईलच.

जुनी सैनिकी काडतुसं झाडली असतील तर तेलाने पुसून ठेवणं पुरेसं नाही. त्यांच्या प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतल्या) पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत पोटॅशियम क्लोराइड राहतं. ते मिठासारखंच हवेतला ओलावा ओढतं आणि तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणूनच ब्रिटिश सैन्यात नळीत उकळतं पाणी ओतायची रीत होती. गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल, या क्रमाने. ज्या नळ्या खरोखर खड्ड्यांनी भरलेल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ याच एका आळसाने गेल्या. दुसऱ्याच्या हातून झालेलं ते नुकसान भरून येत नाही, पण तुमच्या हातून पुढचं तरी थांबतं.

फक्त मधली नळी पाहणं

साफ झालेल्या नळीत बारीक, विखुरलेले खड्डे असले तर घाबरू नका. आट्यांच्या कडा धारदार असतील तर गोळीला पकड मिळते. मधल्या भागापेक्षा दोन टोकं जास्त महत्त्वाची.

पहिलं टोक चेंबरच्या पुढचं, जिथे आटे सुरू होतात. कॉर्डाइट ही जुन्या ब्रिटिश काडतुसांतली दारू फार गरम जळते आणि तिथलं पोलाद खात जाते. जास्त झाडलेल्या नळीत आट्यांचा आरंभ हळूहळू पुढे सरकतो आणि कडा गोल होतात. नळी तोंडाकडून पाहिली तर हे लक्षात येत नाही. मागून, लहान दिवा लावून पाहा. बोअरस्कोप (नळीच्या आत घालून पाहायचं उपकरण) मिळाला तर उत्तम, पण पहिल्यांदा त्यातून पाहणाऱ्याला प्रत्येक नळी भयानक दिसते, हे ध्यानात ठेवा. आधी स्वतःच्या, चांगल्या मारणाऱ्या रायफलीत डोकावून डोळा तयार करून घ्या.

दुसरं टोक तोंडाचं. सैनिकाच्या रायफलीच्या दस्त्यात तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी असायची. ती दोरी दररोज तोंडाशी तिरकी ओढली गेली, तिच्यासोबत वाळूचे कण आले, की तोंडाची कडा एका बाजूला अंडाकृती घासत जाते. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. बाकी सगळी नळी निर्दोष असली तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, पसरतो.

लोक इथे ‘गोळीची परीक्षा’ करतात: तोंडात गोळीचं टोक घालायचं आणि किती आत जाते ते पाहायचं. दोन चुका होतात. काहीजण जिवंत काडतूस वापरतात. असं कधीही करू नका, सुटी गोळीच घ्या. आणि बहुतेकजण फक्त खोली पाहतात. ०.३११ इंचाची गोळी पूर्ण रुंदीपर्यंत आत गेली तर तोंड झिजलं आहे हे खरं. पण ती अर्धवट अडकली म्हणजे तोंड ठीक आहे असं नव्हे, कारण एकाच बाजूची झीज यात लपते. गोळीला मार्करने काळं करा, तोंडात हलकेच दाबून फिरवा. कडी सगळीकडून सारखी उमटली पाहिजे. कडी एका बाजूला तुटली तर दोष सापडला, आणि तो चांगल्या बंदूक-कारागिराकडून दुरुस्त होतो. नळी बदलावी लागत नाही.

नळी हळूहळू फिरवत प्रकाशाकडे पाहताना आत कुठे गडद कडी दिसली, तर बाहेरून त्याच जागी बोट फिरवा. नळी फुगली असेल तर अंगठ्याला उंचवटा लागतो. अशी रायफल झाडू नका.

माप न घेता गोळी निवडणं

०.३०३ हा आकडा आट्यांच्या उंचवट्यांमधला. चरांपर्यंतचा व्यास साधारण ०.३११ ते ०.३१२ अपेक्षित, पण युद्धकाळात बनलेल्या नळ्या ०.३१४, ०.३१५ इंचांपर्यंतही सापडतात. तिथे आजची ०.३११ची, मागे निमुळती होणारी गोळी घातली की ती सैल जाते. लगेच दोष नळीला.

मऊ शिशाची गोळी (मासेमारीचं वजन चालतं) तेल लावून नळीतून लाकडी दांड्याने पार काढा आणि मोजा. इथे एक खोच आहे. नंबर वन आणि बहुतेक नंबर फोर नळ्यांना पाच चर असतात, म्हणजे एका चराच्या समोर उंचवटा येतो, आणि साधा मायक्रोमीटर कमीच माप दाखवतो. व्ही-आकाराचा मायक्रोमीटर नसेल तर क्लबमध्ये शिशाच्या गोळ्या ओतणारा कोणी शोधा. त्याच्याकडच्या ०.३११, ०.३१२, ०.३१४च्या साइझिंग डायमधून तुमचा तुकडा कुठे अडकतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. नळी मोठी निघाली तर १७४ किंवा १८० ग्रेनची, सपाट बुडाची, जाड गोळी वापरा.

नळीत दोनच चर दिसले म्हणून बिचकू नका. कॅनडातल्या लाँग ब्रांचच्या आणि अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या बऱ्याच नंबर फोरमध्ये युद्धकाळात दोन चरांच्या नळ्या बसवल्या गेल्या. मूळचीच घडण आहे ती, आणि छान मारते.

लाकूड विसरणं

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त निरपराध नळ्या इथे बाद होतात. नंबर फोरमध्ये पुढचं लाकूड टोकाशी नळीला साधारण ३ ते ५ पौंडांच्या जोराने वर रेटतं, आणि मधे नळी लाकडाला लागत नाही. ऐंशी वर्षांत लाकूड सुकतं, आक्रसतं, तेल पिऊन मऊ पडतं. दाब जातो आणि ग्रुप दुप्पट होतो. नळीचं तोंड दोन बोटांनी उचलून पाहा. ते ताठ विरोध करून परत खाली बसलं पाहिजे. नंबर वनमध्ये ब्रिटिश बेडिंगला (नळी लाकडात बसवायच्या पद्धतीला) नोजकॅपजवळची, म्हणजे लाकडाच्या पुढच्या धातूच्या टोपीजवळची स्प्रिंग आणि मधल्या कडीचा स्प्रिंगवाला स्क्रू असतो. रायफल खोलून पुन्हा जोडताना हे दोन तुकडे हमखास हरवतात.

नंबर वन खोलताना आणखी एक खबरदारी: पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्ता जोडणारा लांब स्क्रू (दस्त्याचा बोल्ट) फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं आणि पिळलं की लाकूड फुटतं. तसं लाकूड आज सहज मिळत नाही.

चाचणी चुकीची घेणं

आधी गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली मोकळी जागा, तपासून घ्या. हे काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, म्हणून गेजही ०.३०३चाच हवा. बोल्टचा आणि रायफलीचा नंबर वेगळा असेल तर ही तपासणी टाळूच नका.

सरप्लस, म्हणजे सैन्याच्या जुन्या साठ्यातल्या काडतुसांवर नळीचा निकाल देऊ नका. काडतुसाच्या बुडाशी ‘के एफ’ दिसलं की मला खडकी आठवते, पुण्याजवळची ती फॅक्टरी १८६९ सालची. माझ्यासारख्याला त्या अक्षरांचं अप्रूप वाटणारच. पण दारूगोळा कुठलाही असो, अनेक दशकं कोणत्या हवेत पडून होता हे कळत नाही. ती काडतुसं संग्रहात ठेवा आणि चाचणीला ताजी आणा.

रायफल मॅगझिनच्या पुढ्यात टेकवा, लाकडाच्या पुढच्या टोकावर नको, नाहीतर तोच दाब बदलतो. तीन गोळ्यांत काहीही सिद्ध होत नाही. पाच-पाचचे किमान तीन ग्रुप झाडा, मधे नळी थंड होऊ द्या. १०० यार्डांवर गोळ्या वर लागतात म्हणून नळीवर संशय नको. नंबर वनच्या मागच्या साइटची सुरुवातच २०० यार्डांपासून होते आणि नंबर फोरच्या उलटणाऱ्या साइटचं लहान अंतर ३००चं आहे. पाहायचा तो ग्रुपचा आकार. उघड्या साइटवर १०० यार्डांना ३ ते ४ इंच मिळाले तर सैनिकी रायफल म्हणून ती तंदुरुस्त आहे.

आणि टार्गेटवर गोल भोकांऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट भोकं पडली, गोळी आडवी होऊन लागली, तर आधी जाड, सपाट बुडाची गोळी घालून पुन्हा पाहा. तरीही तसंच झालं, तोंडाची कडाही सारखी निघाली, तर मात्र नळी संपली आहे. तेव्हा नवी नळी बसवा, किंवा रायफल आहे तशी जपून ठेवा.